काकू लागते कोण

३ सप्टेंबर २०१८

जिज्जी काल इस्पितळातून आमच्याकडे आली. मोठ्या आतड्याचा वीतभर तुकडा तिकडे ठेवून आली. जीभ मात्र अख्खी परत आणली आहे. माझ्या बायकोने, अहिल्येने केलेली मऊ खिचडी चाखून म्हणाली, "अगं, ऑपरेशन पोटाचं झालंय, जिभेचं नाही. मीठ कुठंय?" अहिल्येने डोळे पुसले आणि मीठ आणलं. जिज्जीच्या तोंडून असं काहीतरी ऐकायचीच वाट बघत होतो आम्ही.

जिज्जी म्हणजे माझी थोरली बहीण शकुंतला. (हे कुणासाठी लिहितो आहे? वार्ताहराची खोड. स्वतःच्या दैनंदिनीतही वाचक परगावचा आहे असं धरून चालतो.) तर बुंदेलीत थोरल्या बहिणीला जिज्जी म्हणतात. मी म्हणू लागलो, माझं ऐकून मोहल्ला म्हणू लागला. जीजाजी फौजेत कारकून, सदा बदलीवर, म्हणून त्यांचा रघुनाथ आमच्याच अंगणात वाढला. तोही आपल्या सख्ख्या आईला जिज्जीच म्हणतो.

कॅन्सर सगळा निघाला, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. पण निघताना त्यांनी विचारलं, घराण्यात आणखी कुणाला? "एक केस हो तो किस्मत. दो हों तो सोचेंगे. एक ही खून में तीन निकलें तो किस्मत नहीं, विरासत है. फिर जीन की जाँच, और फिर सबकी जाँच." असा कॅन्सर घराण्यात वाहत असेल तर आईबापांकडून मुलात उतरायची शक्यता निम्मी. आधी कळलं तर नेमाने कॅमेरा घालून गाठी लहान असतानाच खुडता येतात. नाही कळलं तर जिज्जीसारखं.

म्हणजे प्रश्न आहे तो रघूचा आणि आमच्या लेकीचा, स्नेहलतेचा. वंशवृक्ष काढायचं काम अर्थात माझ्याकडे. नागपूरच्या साप्ताहिकाला मी झाशीची खबरबात पाठवतो, आणि तरुणपणी काशीला सात वर्षं व्याकरण घोकलं आहे. घरात यापेक्षा रिकामा आणि विद्वान माणूस दुसरा नाही.

७ सप्टेंबर

संपादकांना इस्पितळांतल्या नव्या पद्धतीवर मजकूर हवा होता, मला जिज्जीच्या फाइलीचं काम होतं. एका खेपेत दोन्ही.

रेकॉर्डची खोली तळघरात आहे. तिथे अंबिका नावाची मुलगी बसते, गरौठ्याची. डॉक्टर जे लिहितील त्याला ती एक अक्षर आणि काही आकड्यांचा कोड देते. मग ती फाइल जपानात उघडली तरी रोग कळतो. सी अठरा म्हणजे मोठ्या आतड्याचा कॅन्सर. आमची जिज्जी सध्या सी अठरा आहे.

"और ये झेड?"

"झेड में बीमारी नहीं है, सर. बीमारी का अंदेसा है." झेड ऐंशी म्हणजे माणूस धडधाकट, पण घराण्यात कॅन्सर.

मला फार आनंद झाला. तिला सांगितलं की आमच्या पाणिनीने हे अडीच हजार वर्षांपूर्वीच केलं. अच् म्हटलं की सारे स्वर आले, हल् म्हटलं की सारी व्यंजनं. तिने लक्ष देऊन ऐकलं. म्हणाली, "हओ. मतलब वो भी कोडर थे." सात वर्षं काशीत राहून इतकी आटोपशीर व्याख्या मी ऐकली नव्हती.

मग जिज्जीची फाइल उघडली. नातेवाईक: रघुनाथ, छोटा भाई.

"ये भाई नहीं, बेटा है."

"पर सर, वो तो जिज्जी-जिज्जी कर रहे थे. मैंने खुद सुना."

मी खो-खो हसलो आणि तिथल्या तिथे प्रवचन दिलं. म्हटलं, इंग्रजीवाल्यांनी सगळे काका-मामा एका पोत्यात भरले, सगळ्या मावश्या-आत्या दुसऱ्यात. मराठीत तसं नाही. आत्या म्हटलं की बापाचं रक्त, मावशी म्हटलं की आईचं, काकू म्हटलं की परक्या घरून आलेली. आमच्याकडे शब्दातच कोड असतो, बेटा.

"फिर जिज्जी?"

"वो अपवाद है."

तिने भाई खोडून बेटा केलं. घरी येऊन जिज्जीला सांगितलं तर म्हणाली, "त्या पोरीला काय हसतोस? रघूनं मला आयुष्यात एकदा आई म्हटलंय, तेही सायकल हवी होती तेव्हा."

११ सप्टेंबर

वंशवृक्ष झाला. दादा, म्हणजे आमचे वडील, एक्कावन्नाव्या वर्षी आतड्याच्याच गाठीने ग्वाल्हेरला गेले. (मीही जूनपासून एक्कावन्नचा. गुडघे सोडले तर तक्रार नाही.) दादांच्या मागे पाहिलं तर पोटाचं दुखणं एकाच व्यक्तीचं ऐकिवात होतं: काकू. दादा आपल्या आईबद्दल कधी अक्षर बोलत नसत. बोलत ते काकूबद्दल. काकूच्या हातची आमटी, काकूचा मार, आणि चाळिशीत पोटात गाठ होऊन काकू गेली ते. आई लहानपणीच गेली असावी आणि काकूने वाढवलं असावं, असा मी ताळा जमवून ठेवला आहे.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी पेन थांबवलं. "चाची? मतलब ब्याह के आई थीं. उनका खून तो अलग हुआ." मी म्हटलं, बरोबर, आमच्या भाषेत ते शब्दातच आहे. काकूच्या नावावर काट. राहिले दोन, दादा आणि जिज्जी. "दो में अभी रुकते हैं. नजर रखेंगे."

अंबिकेनेही कोड त्याप्रमाणेच घातले. तिचं एक सूत्र आहे: "लिखा नहीं तो हुआ नहीं." मीमांसकांना आवडलं असतं.

येताना जलेबी आणली. रघू सुटला, स्नेहलता सुटली. अहिल्या म्हणाली, "आणि तुम्ही?"

"मी कशातून सुटायचं? तुझ्यातून?"

ती हसली नाही. बहुधा जलेबी गार होती.

१५ सप्टेंबर

गणपती बसून तिसरा दिवस. आरतीला मराठी घरं जमली. म्हाताऱ्यांना शब्द येतात आणि चाल विसरली आहे, तरुणांचं उलटं. जिज्जी खुर्चीवर बसून टाळ वाजवत होती. तिला पाहून बरं वाटलं.

अहिल्येचा नवा छंद म्हणजे माझा चेहरा. मी पांढरा पडलो आहे म्हणे. भाद्रपदाच्या उन्हात बातम्यांमागे फिरणारा माणूस पांढरा पडेल तरी कसा? किल्ल्याच्या चढावर दोनदा थांबलो हे खरं, पण किल्ले चढायला अवघड असावेत म्हणूनच बांधतात. जीजाजी म्हणाले, "दिवाकरजी, फौज में होते तो अनफिट निकलते." मी म्हटलं, म्हणूनच नाही गेलो.

३० सप्टेंबर

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

पितृपक्ष चालू आहे. दादांची तिथी अष्टमी, परवा येते. दरवर्षी महालयाला मी साऱ्या पितरांना नाव घेऊन तिलांजली देतो. दादा, आजोबा, पणजोबा, मग आजी सीता, मग बाकीचे. त्यात काकूला वेगळी ओंजळ. दादांचा जीव होता तिच्यावर, म्हणून. पण तिचं नाव मला ठाऊक नाही, तेव्हा "पितुः पितृव्यपत्नी, यथानाम" (वडिलांची काकू, जे नाव असेल ते) म्हणून पाणी सोडतो. देवांना कळतं, अशी शास्त्राची समजूत आहे. यंदा वाटलं, जिज्जी दुखण्यातून उठली आहे, निदान नाव तरी विचारावं. म्हणून ओरछा गेटला विमलाआत्याकडे गेलो. ती दादांची चुलत बहीण, वय चौऱ्याऐंशी. दादांच्या पिढीतली तेवढी एकच उरली आहे.

पडवीत बसून शेंगा सोलत होती. म्हटलं, "आत्या, काकूचं नाव काय होतं?"

"कोणती काकू?"

"दादांची काकू. पोटाच्या गाठीनं गेली ती."

"सीता."

"सीता तर आजी. दादांची आई."

"मग?"

"मग काकू कोण?"

आत्याने शेंग खाली ठेवली आणि मी पहिलीत नापास झाल्यासारखं माझ्याकडे पाहू लागली. "अरे शास्त्रीबुवा, तीच! काकू ती माझी. तुझ्या बापाची आई."

"पण दादा तिला काकू—"

"मग काय म्हणेल? घरात आम्ही आठ पोरं, सगळी तिला काकू म्हणायचो. तुझा बाप एकटा आई म्हणायला गेला की आम्ही त्याला चिडवायचो, मोठा आलाय आईवाला. त्यानं सोडून दिलं. ती गेली तेव्हासुद्धा काकू, काकू म्हणूनच रडला."

मी तिला ओंजळींचं सांगितलं. दादा गेल्यापासून, इतकी वर्षं, एक सीता म्हणून, एक काकू म्हणून.

आत्या इतकी हसली की कवळी काढून हातात धरावी लागली. "दोनदा जेवली बिचारी! जिवंतपणी एकदा धड जेवली नाही, सगळ्यांचं झाल्यावर बसायची. तू दोनदा जेवू घातलंस. चांगलं केलंस हो!"

तिच्या हसण्यात मीही सामील झालो. बाहेर येऊन रिक्षात बसल्यावर हसू थांबलं. काकू, दादा, जिज्जी. एकाच रक्तात तीन.

त्या पोरीला मी शब्दातल्या कोडावर प्रवचन दिलं होतं. जिज्जी म्हणे अपवाद.

३ ऑक्टोबर

काल अष्टमी, शिवाय गांधीजयंती. पितरांना सरकारी सुट्टीही मिळाली. आज अविधवा नवमी. नवऱ्याआधी गेलेल्या बायकांचा हा दिवस, म्हणजे आजी सीतेचा. सवाष्ण जेवायला घालतात. बोलावलेली बाई तापाने आडवी झाली तेव्हा अहिल्येने जिज्जीलाच पाटावर बसवलं.

मी म्हटलं, "घरचीच नात सवाष्ण म्हणून? शास्त्रात बसत नाही."

जिज्जी म्हणाली, "मी मात्र बसलेय. वाढ."

दोन पुरणपोळ्या खाल्ल्या. ऑपरेशनानंतर पहिल्यांदाच. अहिल्या तिच्या पानाकडे पाहत राहिली, आणि मग बराच वेळ माझ्या पानाकडे. माझी अर्धी पोळी उरली होती.

४ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाईंना काकूचा उलगडा सांगितला. त्यांनी वंशवृक्षावरची काट खोडून एक सरळ रेघ ओढली, काकूपासून दादांपर्यंत. "तब तो तीन पीढ़ी." जिज्जीचं रक्त जीनच्या तपासणीसाठी आजच घेतलं.

अंबिकेकडेही जाऊन आलो. सगळं ऐकून ती म्हणाली, "तो चाची माँ निकलीं." मग जरा थांबून, "सर, ये भी अपवाद?" मी म्हटलं, बेटा, दो अपवाद हो जाएँ तो नियम बदलना पड़ता है. ती हसली, पण फाइलीत मान घालून. गरौठ्याच्या मुली वयाचा मान ठेवतात.

संध्याकाळी घरी यादी वाचून दाखवली: जिज्जीचा अहवाल तसा आला तर तपासायचे दोघं. रघू. स्नेहलता.

अहिल्या भेंडी चिरत होती. सुरी खाली ठेवली. "ती गोष्ट सांगा बघू."

"कोणती?"

"लग्न झाल्यापासून सांगताय ती. दहा मूर्ख नदी उतरून जातात, आणि पलीकडे जाऊन मोजतात."

"दशम-न्याय. प्रत्येक जण मोजतो, नऊच भरतात. दहावा बुडाला म्हणून रडत बसतात. मग वाटसरू येतो आणि मोजणाऱ्याला म्हणतो, अरे, दहावा—"

माझी नजर हातातल्या यादीवर गेली.

"मोजा आता," अहिल्या म्हणाली. "महिना झाला मी मोजतेय. चढावर थांबता. जेवत नाही. पांढरेफटक दिसता. काकू तुमची आजी आहे हो. दादा तुमचेही वडील होते."

ती गोष्ट मी शाळांच्या संमेलनांत सांगितली आहे, लेखात वापरली आहे, स्नेहलतेला झोपवताना सांगितली आहे. लोक त्या दहा मूर्खांना हसतात. मीच आधी हसतो.

भेंडी राहिलीच. वरणभात खाल्ला. अहिल्येशेजारी ओट्यापाशीच बसून.

९ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाईंनी माझी खालची पापणी ओढून पाहिली आणि "हूँ" केलं. रक्त फारच कमी आहे. कुठूनतरी झिरपतं आहे. जीनच्या अहवालाची वाट न पाहता कॅमेरा घालायचा ठरलं.

फॉर्म भरताना अंबिका माझ्याकडे न बघता म्हणाली, "झेड अस्सी, सर." मी म्हटलं, अंदेसा. ती म्हणाली, "हओ. अंदेसा ही रहे."

भीती वाटते. लिहिल्याने कमी होते का ते पाहिलं. तितकीशी नाही.

२३ ऑक्टोबर

काल संध्याकाळपासून जे औषध पाजलं त्याचं वर्णन करायला संस्कृतात शब्द आहे. तो वापरणार नाही. सकाळी झोपेची सुई दिली. जागा झालो तर जीजाजी उशाशी ताठ बसलेले, पहाऱ्यावर असल्यासारखे.

दोन गाठी निघाल्या. एक वाटाण्याएवढी, एक बोराएवढी. रक्त त्या बोरातून झिरपत होतं. दोन्ही तिथल्या तिथे काढल्या. तपासायला पाठवल्या आहेत.

जिज्जी फोनवर म्हणाली, "माझी नक्कल करायची लहानपणापासूनची सवय तुझी." मग फोन ठेवायचा विसरली, आणि मला तिचं रडणं ऐकू आलं. मीही ठेवला नाही.

१ नोव्हेंबर

कॅन्सर नाही. बोर बिघडायच्या वाटेवर होतं. आणखी वर्ष-दीड वर्ष गेलं असतं तर त्याचं काय झालं असतं ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

तळघरात गेलो. अंबिकेने आधीच कोड घालून ठेवला होता. "डी बारह, सर." साध्या गाठीचा कोड. सी आणि डी वर्णमालेत शेजारी-शेजारी. पण त्या दोन अक्षरांच्या मधे अहिल्येची सुरी आणि आत्याची कवळी आडवी पडली आहे. तिला पेढे दिले. तिने एक खाल्ला, आणि डबा झाकून "अम्मा के लिए" म्हणून ठेवला.

घरी आल्यावर अहिल्येने पेढा तोंडात घातला आणि म्हणाली, "आता ती गोष्ट पुन्हा सांगितलीत तर चालेल." सांगितली. तिने प्रथमच ऐकत असल्यासारखी ऐकली.

१९ डिसेंबर

सगळे अहवाल आले. जिज्जीत तो जीन आहे. माझ्यातही. काकूचाच. रघूत नाही. स्नेहलतेत आहे.

हे शेवटचं वाक्य लिहायला बराच वेळ गेला.

ती स्वतः नोएडाहून रक्त द्यायला आली होती तेव्हा मी बरोबर होतो. अंबिका आता सगळ्यांना एकच प्रश्न विचारते. आमच्या पुढे एक म्हातारा होता, त्यालाही विचारला, स्नेहलतेलाही: "बुलाते क्या हैं वो छोड़िए. लगते क्या हैं?" मी माझ्या साप्ताहिकातल्या मजकुराला हाच मथळा दिला. संपादकांनी बदलून "इस्पितळात नवी पद्धत" केला. असो.

आज फोनवर स्नेहलतेला मी सांगणार होतो की घाबरू नकोस, वर्षा-दोन वर्षांनी कॅमेरा, गाठ दिसली की खुडायची, झेडचं डी होऊ दिलं तरी सी होऊ द्यायचं नाही. तिने हे सगळं आधीच वाचून ठेवलं होतं. मीच चाचरत होतो. म्हटलं, "बेटा, आमच्याकडून तुला हे असलं—"

"अरे बाबा, परदादी का है ना? ठीक है." मग हसली. "सब कहते हैं मुझे मराठी का कुछ नहीं आता. कुछ तो आया."

जिज्जी शेजारीच होती. फोन हिसकावून घेतला आणि ओरडली, "आता बोलायचंही शिक, गाढवे!"

अहिल्या आत गेली आणि बऱ्याच वेळाने चहा घेऊन बाहेर आली. चहा चांगला झाला होता.

पुढच्या पितृपक्षाचा एक प्रश्न उरतो. काकू आणि आजी एकच, तर शास्त्राप्रमाणे ओंजळही एकच. विमलाआत्याचा कौल घेतला. म्हणाली, "इतकी वर्षं दोनदा जेवलीय, आता एकदम उपाशी ठेवतोस?" खरं आहे. आजीने रक्त दिलं, ते तर द्यायचंच होतं. काकू मात्र तिचं नाव विचारायला मला आत्याच्या पडवीत घेऊन गेली.

दोन ओंजळी देईन. यथानाम म्हणायची आता गरज नाही. दोन्ही वेळा सीताच म्हणेन.